घंटेची आस आणि पहाटेचे बंदर

पाश्चात्त्य संगीताच्या लिखित परंपरेत रचनेची वाट कागदाकडून आवाजाकडे जाते. रचनाकार आधी सुरांची कल्पना करतो, ती स्वरलिपीत उतरवतो, आणि मग वादक त्या चिन्हांना नाद देतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या नभोवाणी केंद्रात हीच वाट उलट्या दिशेने चालून पाहण्याचा प्रयत्न झाला. आगगाडी, घंटा, स्वयंपाकघरातली पातेली, माणसाचा खोकला असे रोजच्या जगण्यातले आवाज आधी यंत्राने टिपायचे, ते न कंटाळता पुन्हा पुन्हा ऐकायचे, आणि त्या ऐकण्यातूनच रचना उभी करायची, असा हा क्रम होता. आज ज्याला अँबियंट संगीत म्हणतात, म्हणजे ठळक चाल किंवा ताल नसलेले आणि खोलीतल्या उजेडासारखे भोवती पसरून राहणारे संगीत, त्याची एक मोठी शाखा या प्रयत्नापर्यंत मागे नेता येते.

१९४८ ते १९८२ या चौतीस वर्षांचा हा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तबकडी गेली, फीत आली, फितीमागून इतर साधने आली, अशा ओळीने. ते खोटे नाही, पण त्या मांडणीत मुख्य वाद झाकला जातो. तो वाद आवाज आणि त्याची जागा यांच्या नात्याचा होता. टिपलेल्या आवाजाने आपले गाव, आपली वेळ आणि आपला धनी सोबत घेऊन यावे, की ते सारे उंबऱ्याबाहेर ठेवून केवळ नाद म्हणून आत यावे, या प्रश्नावर या क्षेत्रातली माणसे एकमेकांपासून दुरावली, संस्था सोडून गेली आणि आपापली कामे करत राहिली. अँबियंट संगीताला आज जे रूप आहे ते या वादात पहिल्या बाजूची सरशी झाल्यामुळे आहे.

या प्रश्नाला पूर्वपीठिका आहे. इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो यांनी ११ मार्च १९१३ च्या आपल्या जाहीरनाम्यात यंत्रयुगातल्या कानांना कारखान्यांचे आणि ट्रामचे आवाज हवेत असे बजावले होते. मात्र त्यांनी ते आवाज टिपले नाहीत, तर गुरगुरणारी आणि करकरणारी पेटीवजा वाद्ये बनवून त्यांची नक्कल केली. बर्लिनमध्ये चित्रपट-दिग्दर्शक वाल्टर रुटमान यांनी १९३० साली चित्रपटाच्या फिल्मवरील ध्वनिपट्टी वापरून ‘वीकएंड’ ही सुमारे ११ मिनिटांची कृती केली. शनिवारी काम सुटल्यापासून सोमवारी पुन्हा कामावर रुजू होईपर्यंतचे महानगर त्या कृतीत केवळ आवाजांनी उभे राहते, म्हणून तिला पडद्यावर चित्र नसलेला चित्रपट म्हणणेच योग्य ठरेल.

या दोघांपेक्षा अधिक महत्त्वाचे नाव कैरोचे हलीम अल-दब यांचे आहे. १९४४ साली त्यांनी तिथल्या नभोवाणी केंद्रातून तार-ध्वनिमुद्रक, म्हणजे फितीऐवजी केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज साठवणारे यंत्र मागून आणले आणि ‘झार’ नावाच्या विधीचे मुद्रण केले. अंगात आलेले वारे गाण्याने आणि ढोलांनी शांत करण्याचा हा बायकांचा विधी असून तिथे पुरुषांना मज्जाव असे. मुद्रित झालेल्या गायनातले मूळ स्वर दाबून त्यांचे वरचे तरंग तेवढे राहतील असे संस्कार अल-दब यांनी केले, सरकत्या भिंतींच्या खोलीत प्रतिध्वनी वाढवले, आणि ती कृती त्याच वर्षी कैरोतल्या एका कलादालनात ऐकवली. पुढे पॅरिसमध्ये जे घडले त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. युरोपात तिची वार्ता पोचली नव्हती, त्यामुळे प्रभावाची साखळी पॅरिसपासून सुरू होते हे मान्य करावे लागते. पण अग्रक्रमाचा मान कैरोचा आहे, आणि तो न देणारा कोणताही इतिहास सदोष ठरतो.

पॅरिसमधल्या प्रयोगाचे कर्ते पिएर शेफेर यांचा जन्म १९१० साली नान्सी या शहरात झाला. त्यांचे वडील व्हायोलिनवादक होते आणि आई गायिका होती, पण मुलाचे शिक्षण झाले ते एकोल पोलितेक्निक या ख्यातनाम संस्थेत, अभियंत्याचे. १९३६ पासून ते फ्रेंच नभोवाणीत नोकरीला होते. महायुद्धाच्या काळात, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांनी नभोनाट्याच्या नव्या तंत्रांसाठी ‘स्टुडिओ देसे’ म्हणजे प्रयोग-कलागृह उभे केले, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये तेच कलागृह प्रतिकार चळवळीच्या नभोवाणीचे केंद्र बनले. २४ ऑगस्टच्या रात्री सेनापती लक्लेर यांच्या फौजेची पहिली तुकडी शहराच्या मध्यभागी पोचल्याचे कळताच शेफेर यांनी नभोवाणीवरून शहरातल्या पाद्र्यांना घंटा वाजवण्याचे आवाहन केले, आणि चार वर्षांच्या दास्यानंतर पॅरिसच्या चर्चांच्या घंटा एकामागून एक घणघणू लागल्या. त्या रात्री घंटेचा आवाज म्हणजे निव्वळ मुक्ततेची वार्ता होती. त्यात अर्थाशिवाय दुसरे काहीच नव्हते, असे म्हटले तरी चालेल. त्याच माणसाने चार वर्षांनी घंटेच्या आवाजातून अर्थ वगळून पाहण्याचा प्रयोग करावा, हा या इतिहासातला सर्वांत बोलका योग आहे.

१९४८ च्या वसंतात शेफेर यांच्या डोक्यात आवाजांची एक सिंफनी घोळत होती. नभोनाट्यांच्या परिणाम-आवाजांसाठी ठेवलेले भोंगे, करवंट्या, सायकलचे पंप अशी सामग्री त्यांनी जमवली आणि ती वाजवून पाहिली. त्या काळात त्यांनी लिहिलेली आणि १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली रोजनिशी फसलेल्या प्रयत्नांनी भरलेली आहे. कारण उघड होते. करवंटी वाजली की ऐकणाऱ्याला घोड्याच्या टापा आठवत, आणि आवाज पुन्हा नाटकाच्या चाकरीला जाई. या अडचणीतून वाट दिसली ती घंटेच्या एका प्रयोगात. शेफेर यांनी घंटेचा टोल असा टिपला की टोला पडण्याच्या क्षणी यंत्राचा कान बंद ठेवला होता आणि टोला पडून गेल्यावर तो उघडला. तबकडीवर जे उमटले ते घंटेसारखे वाटेना. ते ओबो या फुंकवाद्याच्या सुराजवळ जाणारे काहीतरी होते.

असे का व्हावे, हे मराठी संगीतव्यवहारातल्या दोन शब्दांनी नेमके सांगता येते. कोणत्याही छेडलेल्या किंवा ठोकलेल्या नादाला आधी ‘आघात’ असतो आणि मागून ‘आस’ राहते. तानपुऱ्याच्या तारेवर बोट पडते तो क्षण आघाताचा, आणि बोट उचलल्यावर तार जी घुमत राहते ती तिची आस. कानाला वाद्याची ओळख पटते ती मोठ्या प्रमाणावर आघाताच्या त्या अल्प क्षणात. तो क्षण कापून टाकला तर उरलेली आस अनाथ होते. ती कुणाची हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती जशी आहे तशी ऐकू येते. घंटेवरचा टोला कापून शेफेर यांनी त्या आवाजाचे कूळच पुसून टाकले. जगातला कोणताही आवाज असा निनावी करता येईल, आणि निनावी झालेला आवाज संगीताचे कच्चे द्रव्य होऊ शकेल, हा शोध या एका प्रयोगातून लागला.

मे महिन्यात ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन शेफेर बातिन्योल या उत्तर पॅरिसमधल्या रेल्वेच्या आवारात गेले. तिथे वाफेची सहा इंजिने उभी होती. शेफेर यांनी चालकांना शिट्ट्या वाजवून एकमेकांशी बोलायला सांगितले. एकाने सुरुवात करावी आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे, असा तो संवाद. हाती आलेल्या ध्वनीत शिट्ट्या होत्या, वाफेचे भकभकणे होते, रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांची ठेकेदार खडखड होती. हे सारे तबकड्यांवर होते, कारण चुंबकीय फीत या कलागृहात अजून आली नव्हती. फितीचा तुकडा कात्रीने कापता येतो आणि हवा तिथे जोडता येतो. तबकडी कापता येत नाही. तेव्हा आवाजाचा तुकडा वेगळा काढायचा तर दुसरीच युक्ती हवी होती.

ती युक्ती यंत्राच्या एका दोषातून मिळाली. ग्रामोफोनच्या तबकडीवर चर सर्पिल असतो, बाहेरच्या कडेपासून आत आत जाणारा, आणि सुई त्या चरातून सरकत केंद्राकडे येते. कधी चराची भिंत मोडते, सुई त्याच फेऱ्यात फिरत राहते आणि गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मराठी घरांत याला ‘पिन अडकली’ म्हणत, आणि तोच तो विषय बोलणाऱ्या माणसालाही हा वाक्प्रचार लागू करत. शेफेर यांनी पिन मुद्दाम अडकवली. चर कोरणाऱ्या सुईला आत सरकू न देता एक फेरा पूर्ण करू द्यायचा, म्हणजे त्या चराचे शेवटचे टोक सुरुवातीला मिळते आणि बंद वर्तुळ तयार होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असे एक वर्तुळ सुमारे ०.७७ सेकंदांचे होते. एवढ्याशा वेळात चाकांचे दोनतीन ठोके मावतात, किंवा शिट्टीचा एक तुकडा. शेफेर यांनी अशा तबकड्या अनेक फिरत्या चकत्यांवर लावल्या, त्यांचा आवाज कमीजास्त करण्याच्या कळा हाताशी घेतल्या, आणि ते सर्व एकत्र वाजवून त्यातून निघणारी रचना आणखी एका तबकडीवर कोरली.

‘आगगाड्यांचा अभ्यास’ या नावाची ती कृती तीन मिनिटांहूनही छोटी आहे. सुरुवातीला शिट्टी होते, इंजिन उसासे टाकते, आणि गाडी सुटली असे वाटते न वाटते तोच एक तुकडा परतून येऊ लागतो. पहिल्यांदा तो गाडीचा आवाज असतो, दुसऱ्यांदाही असतो. चौथ्या-पाचव्या आवर्तनात मात्र गाडी विरते आणि ठेका उरतो. मग एकाएकी चाकांचा वेगळा खडखडाट मध्ये घुसतो आणि रूळ, धूर, फलाट सारे क्षणात परत येते. या कृतीचे खरे सौंदर्य या ये-जा करण्यात आहे. शेफेर यांना मात्र तेच खटकत होते. ऐकणाऱ्याला गाडी दिसत राहते, प्रसंग आठवत राहतो, म्हणजे संगीत अजून पुरते झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इथे शेफेर यांचा कान त्यांच्या सिद्धान्तापेक्षा शहाणा होता असे म्हणावे लागते.

अशा पाच अभ्यासकृती ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ‘आवाजांची मैफल’ या नावाने फ्रेंच नभोवाणीवरून प्रसारित झाल्या. त्यांतल्या दोहोंसाठी पियानो वाजवला होता तेव्हा तेवीस वर्षांच्या असलेल्या पिएर बुलेझ यांनी, जे पुढे शतकातले अग्रगण्य रचनाकार व संगीत-संचालक झाले. शेवटच्या अभ्यासात पातेल्यांची घरंगळ, माणसांचे बोलणे आणि टाकून दिलेल्या एका तबकडीवर योगायोगाने राहिलेला खोकला होता. या पद्धतीला शेफेर यांनी ‘म्युझिक काँक्रेत’, म्हणजे मूर्त संगीत, असे नाव दिले. स्वरलिपीतले संगीत अमूर्तापासून मूर्ताकडे येते आणि हे मूर्तापासून अमूर्ताकडे जाते, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे; इमारतीच्या काँक्रीटशी त्याचा संबंध नाही.

पुढची काही वर्षे वेगाने गेली. १९४९ मध्ये तालवाद्यांत तरबेज असलेला पिएर आंरी हा तरुण रचनाकार येऊन मिळाला, आणि दोघांनी मिळून केलेली ‘एकट्या माणसाची सिंफनी’ १८ मार्च १९५० रोजी पॅरिसमध्ये श्रोत्यांसमोर सादर झाली. मंचावर वादक नव्हते. ध्वनिवर्धकांतून पावले, शीळ, धाप आणि हाका ऐकू येत होत्या. १९५१ मध्ये संशोधन-गटाची रीतसर स्थापना झाली, फीत-ध्वनिमुद्रक आले, आणि एकच आवाज बारा वेगवेगळ्या गतींनी, म्हणून बारा वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवणारे ‘फोनोजेन’ नावाचे यंत्र बांधले गेले. काम सोपे झाले, आणि सिद्धान्त अधिक कडक झाला.

तो सिद्धान्त १९६६ साली ‘संगीत-वस्तूंविषयी प्रबंध’ या शेफेर यांच्या जाडजूड ग्रंथात पूर्णत्वाला गेला. पायथागोरस आपल्या शिष्यांना पडद्याआडून शिकवत असे, म्हणजे त्यांचे लक्ष गुरूच्या रूपाकडे न जाता शब्दाकडे राहावे, अशी आख्यायिका आहे. ध्वनिवर्धक हा आधुनिक पडदा आहे असे शेफेर यांनी मांडले. पडद्यामागे काय आहे याची चौकशी सोडून द्यावी, आवाज कशाचा, कुठला, कधीचा हे प्रश्न बाजूला ठेवावेत आणि त्याचा पोत, वजन, चढउतार एवढेच ऐकावे, अशा श्रवणाला त्यांनी ‘संकुचित श्रवण’ म्हटले. त्यात संकोच कमीपणाचा नसून भांड्यात रस आटवल्यासारखा आहे. कानाला शिस्त लावणारा हा विचार मोठा आहे, आणि ज्याने कधी दहा मिनिटे एकाच दाराची करकर लक्ष देऊन ऐकली आहे त्याला त्याचे मोल कळते. पण त्याची किंमत जागेने मोजली. या श्रवणात बातिन्योल उरत नाही, तिथले चालक उरत नाहीत आणि मे महिनाही उरत नाही.

या किमतीचा हिशेब मागणारा माणूस शेफेर यांच्या घरातलाच निघाला. ल्यूक फेरारी १९५८ साली नव्याने उभ्या राहिलेल्या संगीत-संशोधन गटाच्या संस्थापकांपैकी एक होते. १९६० च्या दशकात खांद्यावर वाहून नेता येतील असे सुटसुटीत ध्वनिमुद्रक मिळू लागले, आणि कलागृहात आवाज बोलावून घेण्याऐवजी आवाज राहतात तिथे जाणे शक्य झाले. फेरारी रस्त्यांवर, बाजारांत आणि किनाऱ्यांवर हिंडले, आणि तिथे जे मिळाले ते त्यांनी ओळखू येईल अशाच रूपात रचनेत घेतले. या रीतीला ते ‘किस्से सांगणारे संगीत’ म्हणत. पुढे त्यांनी गट सोडला.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा मुक्काम तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, आजच्या क्रोएशियातल्या कोर्चुला बेटावर वेला लुका या बंदराच्या गावात होता. अंधाऱ्या रात्री त्या गावात विलक्षण शांतता असे, आणि तिच्यातून पहाट कशी उगवते हे ऐकण्यासाठी फेरारी यांनी खोलीच्या खिडकीत मायक्रोफोन ठेवला. रोज पहाटे तीन-चारच्या सुमाराला ते मुद्रण सुरू करत. काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले की काही आवाज रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने येतात : पहिला कोळी, पहिली कोंबडी, पहिले गाढव, आणि सहाच्या सुमाराला सुटणारा ट्रक. घड्याळ नसलेल्या माणसालाही वेळ कळावी इतका तो क्रम ठाम होता. या ठरलेल्या आवाजांना त्यांनी रचनेचा कणा मानले आणि ज्यांचा भरवसा नाही असे आवाज त्या कण्याभोवती येऊ दिले.

त्यातून तयार झालेली ‘प्रेस्क रियँ’ म्हणजे ‘जवळजवळ काहीच नाही’ या शीर्षकाची कृती १९७० साली तबकडीवर आली. समुद्रकाठची पहाट हा तिचा विषय आणि सुमारे २१ मिनिटे ही तिची लांबी. कित्येक तासांचा काळ त्या मिनिटांत आटवलेला आहे, म्हणजे फीत पुष्कळदा कापलेली आणि जोडलेली आहे, पण एकही सांधा कानाला लागत नाही. होडीचे इंजिन लांबून धडधडत येते, पाण्याची हलकी लपलप होते, माणसे आपापसांत बोलतात, मुलांचा कालवा वाढतो, कुठेतरी गाणे ऐकू येते. आणि ऊन चढू लागते तशी झाडांवरच्या सिकाडा कीटकांची किरकिर हळूहळू इतकी दाटते की शेवटी तिच्याखाली सारे गाव बुडून जाते. ‘आगगाड्यांचा अभ्यास’ ज्या कौशल्याने गाडी विसरायला लावू पाहत होता, त्याच कौशल्याने ही कृती गाव आठवायला लावते. पॅरिसच्या गटातल्या सहकाऱ्यांना ती ऐकवली तेव्हा त्यांनी तिला संगीत म्हणून मानायला नकार दिला, असे फेरारी यांनी नंतर सांगितले. तो नकार स्वाभाविक होता. कात्री, फीत, ध्वनिवर्धक सारे त्यांचेच होते, फक्त पडदा बाजूला सारला गेला होता.

जागेचा हा आग्रह त्याच काळात कॅनडातही धरला जात होता. व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात रचनाकार मरी शेफर यांनी — पॅरिसच्या शेफेर यांच्याशी नावाचे साम्य असले तरी नाते नाही — ध्वनिपरिसराच्या अभ्यासाचा प्रकल्प उभा केला. ध्वनिपरिसर म्हणजे एखाद्या जागी राहणाऱ्याच्या कानावर येणाऱ्या सर्व आवाजांचा मिळून होणारा भवताल. या प्रकल्पाने १९७३ मध्ये व्हँकूव्हर शहराचे आवाज तबकड्यांवर प्रसिद्ध केले आणि १९७५ मध्ये स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स व स्कॉटलंड या देशांतल्या एकेका गावाची श्रवण-पाहणी केली. त्यांचा हेतू रचनेपेक्षा नोंदीचा आणि जतनाचा अधिक होता, पण त्यांच्यामुळे एखाद्या जागेला स्वतःचा आवाज असतो आणि तो हरवू शकतो, ही जाणीव रूढ झाली.

या साखळीत भारताचा एक दुवा आहे आणि तो वरवरचा नाही. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई, अवकाशशास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांच्या भगिनी, पखवाज शिकलेल्या होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अमेरिकन रचनाकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले. मन शांत करून ते दैवी प्रेरणांना ग्रहणक्षम करणे हे संगीताचे प्रयोजन आहे, ही आपल्या गुरूंची शिकवण त्यांनी केज यांना सांगितली आणि केज यांनी ती जन्मभर उराशी बाळगली. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक येथे केज यांची चार मिनिटे तेहेतीस सेकंदांची प्रसिद्ध कृती सादर झाली. तीत पियानोवादक एकही सूर वाजवत नाही आणि सभागृहातले वारा-पावसाचे, माणसांच्या चुळबुळीचे आवाज हेच संगीत ठरते. त्या दिवशी पियानोपुढे बसलेले डेव्हिड ट्यूडर हे १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आले आणि त्यांनी तिथे मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या स्पंदनांतून आवाज घडवणारे यंत्र, आणि ध्वनिफितींची सामग्री यांचे कलागृह बसवून दिले. गीता साराभाई यांच्यासह तिथल्या काही भारतीयांनी पुढची तीनेक वर्षे त्यावर प्रयोग केले. मग ते कलागृह बंद पडले आणि फिती संस्थेच्या कपाटांत राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतली निवडक मुद्रणे प्रसिद्ध झाली. भारतात या संगीताची बीजे पडली नव्हती असे आता म्हणता येत नाही. ती पडली होती, त्यांना पाणी घालणारे कुणी उरले नव्हते.

‘अँबियंट’ हे नाव मात्र इंग्लंडमधून आले. ब्रायन ईनो यांचा जन्म १५ मे १९४८ चा, म्हणजे शेफेर यांची इंजिने तबकडीवर चढत होती त्याच महिन्यातला. १९७५ च्या सुरुवातीला अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले असताना एका मैत्रिणीने त्यांना अठराव्या शतकातल्या हार्पवादनाची तबकडी आणून दिली. ती लावून ते कसेबसे आडवे झाले तेव्हा लक्षात आले की आवाज फारच लहान आहे आणि दोनपैकी एक ध्वनिमार्ग बंद आहे. उठण्याची ताकद नव्हती, म्हणून ते तसेच ऐकत राहिले. बाहेर पाऊस पडत होता आणि हार्पचे मोजके सूर त्या पावसात मिसळत होते. संगीत हे खोलीतल्या इतर आवाजांच्या बरोबरीचे एक असू शकते, ही जाणीव त्यांना तिथे झाली. फ्रेंच रचनाकार एरिक साती यांनी ‘फर्निचर-संगीत’ या नावाखाली १९२० मध्ये असेच काही करून पाहिले होते, पण तेव्हा पॅरिसचे श्रोते गप्प बसून ऐकू लागले आणि सातींना त्यांना बोलायला सांगत फिरावे लागले.

ईनो यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या संग्रहात ‘अँबियंट’ या शब्दाचा पहिल्यांदा शीर्षकाबरोबर उपयोग झाला. त्यातल्या एका रचनेत गायिकांचे एकेक सुटे स्वर फितीच्या बंद वेढ्यांवर फिरतात. एक वेढा साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. कलागृहात या लांब फिती खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवल्या होत्या. वेढ्यांची लांबी वेगवेगळी असल्याने स्वर दर वेळी नव्या जुळणीने भेटतात आणि तीच जुळणी लवकर परत येत नाही. शेफेर यांचे पाऊण सेकंदाचे बंद वर्तुळच इथे तीसपट लांब झाले आहे, आणि लांबीबरोबर त्याचा गुणही पालटला आहे. आखूड वर्तुळ पिळवटते, लांब वर्तुळ श्वास घेते.

पण या संगीतात अजून बाहेरचे जग नव्हते. ते आले १९८२ च्या ‘ऑन लँड’ या संग्रहात, आणि त्याचे कारण ईनो यांनी स्वतः नोंदवले आहे. घाना देशात ते लोकसंगीत आणि बोलणे टिपण्यासाठी मायक्रोफोन घेऊन गेले होते; प्रत्यक्षात संध्याकाळी ओसरीवर बसून, जितका विस्तीर्ण परिसर कवेत येईल तितका घेईल असा मायक्रोफोन ठेवून, त्यातून येणारे आवाज कानांवर लावलेल्या हेडफोनमधून ऐकत राहणे हाच कधीकधी त्यांचा उद्योग झाला. जवळचे आणि लांबचे आवाज यंत्रामुळे एकाच चौकटीत आले आणि संगीतासारखे भासू लागले. ‘ऑन लँड’मध्ये कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांचे, बेडकांचे, किड्यांचे मुद्रित आवाज आहेत, दगड, साखळ्या आणि काठ्या वाजवलेल्या आहेत, आणि जुन्या रचनांचे अवशेष कुजलेल्या पाल्यासारखे तळाशी मिसळलेले आहेत. आवाज कुठे संपतो आणि वाद्य कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. काही रचनांना नावे दिली आहेत ती ईनो वाढले त्या सफोक परगण्यातल्या पाणथळीची, टेकाडाची आणि किनाऱ्याची. त्यांतला डनिच हा किनारा म्हणजे मध्ययुगात भरभराटलेले आणि नंतर समुद्राने गिळलेले बंदर आहे.

शेफेर यांनी हे सारे पाहिले, पण त्यात त्यांना समाधान लाभले नाही. १९८६ च्या एका मुलाखतीत त्यांनी डो-रे-मीच्या, म्हणजे आपल्या भाषेत सप्तकाच्या, बाहेर संगीत नाही या निष्कर्षाला आपण पोचल्याचे सांगितले आणि स्वतःच्या आयुष्यभराच्या खटाटोपाला अपयश म्हटले. १९९५ साली ते वारले. त्यांचा हा निवाडा स्वीकारण्याचे कारण नाही. त्यांनी आवाजापासून जागा तोडली ती कायमची तुटली नाही, पण एकदा तोडून पाहिल्याशिवाय ती पुन्हा इतक्या जाणतेपणाने जोडताही आली नसती. फेरारी यांची वेला लुकाची पहाट शेफेर यांच्या घंटेशिवाय संभवत नाही.

१९७० च्या दशकात फ्रान्सच्या रुळांवरून वाफेची इंजिने नाहीशी झाली. बातिन्योल भागातल्या रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या जागी आता मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे उद्यान आहे. मे १९४८ मधल्या त्या सहा इंजिनांच्या शिट्ट्या तीन मिनिटांहून छोट्या अशा त्या अभ्यासकृतीत अजून ऐकू येतात.